मुक्या जिवांची दया आणि देहूचीं मुलें

देहूच्या घाटावर उभें राहून इंद्रायणींत कणकेच्या गोळ्या टाकणारीं मुलें आजही दिसतात. येथील डोहांतील माशांस जाळें लावूं नये असा लोकांचा जुना दंडक आहे. देहू, आळंदी आणि महाडजवळील वाळण कोंड हीं स्थळें महसीर जातीच्या माशांचीं आश्रयस्थानें म्हणून शास्त्रज्ञांनींही नोंदलेलीं आहेत. सरकारच्या कायद्याची वाट न पाहतां केवळ श्रद्धेनें हें रक्षण झालें, ही गोष्ट खचित भूषणावह होय. परंतु लोणावळ्यापासून खालीं वस्त्यांचें सांडपाणी व कारखान्यांचें मैलें पाणी याच नदींत मिसळतें. मासे मरून तरंगल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार येतात. आणि मूल मात्र गोळी टाकून आपल्या हातून दया घडली असें समजतें. या समजुतीस शिक्षण म्हणावें काय, हा आमचा प्रश्न आहे.

तुकोबांची पांखरांची कथा या गांवांत पोरासोरांस पाठ असते. राखणीस बसविलेल्या तुकोबांनीं दाणे टिपणाऱ्या पांखरांस हांकलून दिलें नाहीं. शेत खाल्लें गेलें. मालकानें नुकसानभरपाई मागितली. पुढें पीक उलट अधिकच आलें असें कथेंत आहे. कथेच्या या शेवटाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. मधला भाग मात्र शाळेंत सांगितला जात नाहीं, आणि खरा धडा तेथेंच आहे. दाणे मालकाचे होते, दया राखणदाराची होती, आणि भरपाईचा बोजा त्यानें स्वतःच्या शिरावर घेतला. दयेची किंमत कोणी भरावी, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलास सहज समजतो. न समजतो तो वडील मंडळींस!

पश्चिमेकडे हा विषय शाळांत फार पूर्वींच शिरला. अमेरिकेंत जॉर्ज एंजल यांनीं १८८२ सालीं मुलांचीं दयामंडळें काढिलीं. प्राण्यांशीं दयेनें वागूं अशी प्रतिज्ञा मुलें घेत. आमच्या मुंबईंतही १८७४ सालीं प्राणिक्लेशनिवारक मंडळी स्थापन झाली व पुढें दहा वर्षांच्या आंतच शेट दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें परळचें पशुरुग्णालय उभें राहिलें. प्रतिज्ञांवर आमचा फारसा भरंवसा नाहीं. साने गुरुजींनीं १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत मोरी गाईची व मुक्या फुलांची हकीकत घातली, तिनें जें काम केलें तें शंभर प्रतिज्ञांनीं झालें नसतें; कारण तेथें आई स्वतः वागून दाखविते.

बैलाचें उदाहरण घ्या. पालखीच्या रथास आपली जोडी जुंपली जावी म्हणून शेतकरी आपल्या बैलांस पोटच्या पोराप्रमाणें वाढवितात. काटेवाडीस तर तुकोबांच्या पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें. चाकण-मावळच्या बाजूस शर्यतीचा बैलही असाच लाडांत वाढतो. या शर्यती २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केल्या, २०२१ अखेर अटींवर पुनः सुरू झाल्या, आणि २०२३ सालीं त्यांस घटनापीठाची मान्यता मिळाली. अटींचा हेतु बैलास इजा होऊं नये हा आहे. घाटांत जमलेल्या शेंकडों मुलांस तो हेतु कोणी सांगतो काय? पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदा मळतांना बापानें मुलाचा हात त्या घट्ट्यावर ठेवून जूं काय करतें तें दाखवावें. पुरणपोळीपेक्षां तें अधिक काळ स्मरणांत राहील.

कायद्याचें म्हणाल तर १९६० च्या कायद्यांतील क्रूरतेच्या कलमाखालीं पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यांत आज दोघांचा न्याहारीचा खर्चही भागत नाहीं. प्राणिमात्रांविषयीं दया हें नागरिकाचें कर्तव्य म्हणून १९७६ सालीं घटनेंत दाखल झालें, हें ठीकच. तें मुलांच्या वहींत सुवाच्य अक्षरांत उतरलेलेंही आढळतें.

“माणसांस पोटभर मिळत नाहीं आणि तुम्ही माशांचें काय घेऊन बसलां?” असा आक्षेप येईल. आमचें उत्तर असें कीं, ज्या पाण्यांत मासा गुदमरतो त्याच पाण्याच्या कांठीं माणसें राहतात आणि त्यांतच वारकरी स्नान करितात. कुत्र्यांच्या बाबतींत तर भाबडी दया घातकच होय: अनोळखी कुत्र्यास हात लावूं नये, चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें धुवून तत्काळ लस घ्यावी, हें शिकविणेंही दयेच्याच पाठांत मोडतें.

तेव्हां देहूच्या गुरुजनांस आमची सूचना अशी. कणकेच्या गोळ्या आणि त्यांच्या कागदी-प्लॅस्टिकच्या पुड्या घरीं ठेवाव्या. पांचवी-सहावीच्या मुलांनीं दर शनिवारीं घाटावर जाऊन पाण्याचा रंग, वास, फेंस आणि मेलेले मासे यांची नोंद तारीखवार लिहावी. वर्षअखेर ती वही मुलांनींच नगरपंचायतीच्या टेबलावर नेऊन ठेवावी, व पोंच मागावी.