सीतेची वेणी : फुलण्याची वाट कशी पाहावी

आंब्याच्या फांदीवर वाढलेली कोणतीही परकी वनस्पति बांडगूळ समजून खरडून काढावी, अशी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं रीत आहे. या रीतीनें खऱ्या बांडगुळाबरोबर एक निरपराध वनस्पतीही नाहींशी होते. ती म्हणजे सीतेची वेणी होय. आसामांत हिलाच कोपौ फूल म्हणतात. तेथील स्त्रिया बिहूच्या नाचांत तें केसांत माळतात, व तें त्या राज्याचें राज्यपुष्प आहे.

दोहोंतील भेद शेतकरी बंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावा. बांडगूळ फांदीच्या सालींतून आंत शिरून झाडाचा रस ओढतें. तें कापलेंच पाहिजे. वेणीचीं मुळें सालीला केवळ धरून राहतात. पाणी ती पावसाचें व दंवाचें घेते, आणि अन्न आपल्याच पानांत तयार करते. बांडगूळ हें घरांत घुसून कोठार खाणारें, तर वेणी ही ओटीवर बसून आपलीच शिदोरी सोडणारी पाहुणी !

परंतु ही शिदोरी बेताचीच असल्यामुळें वेणीची वाढ फार मंद होते. तिचें बीं धुळीसारखें बारीक असतें. त्यांत अन्नाचा सांठा नसल्यानें विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावांचून तें रानांत रुजत नाहीं. १९२२ सालीं अमेरिकेंतील लुइस नड्सन यांनीं साखर घातलेल्या पोषक द्रव्यावर असें बीं बुरशीवांचून रुजवून दाखविलें. तरीही बियांपासून फुलापर्यंत कित्येक वर्षें जातात. म्हणून रानांतील झाड ओरबाडूं नये. रोपवाटिकेंतील वाढलेलें रोप घ्यावें, किंवा आपल्याच झाडाची फांदी वादळांत मोडली तर तिजवरील वेणी उचलावी.

घरीं लावतांना माती मुळींच घालूं नये. खडबडीत सालीच्या लांकडावर काथ्याच्या दोरीनें रोप बांधून, सकाळचें कोवळें ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागीं टांगावें. मुळांवरील पांढरें आवरण ओलें झालें कीं हिरवट दिसतें. पुन्हां पांढरें होईपर्यंत पाणी देऊं नये. उन्हाळ्यांत सकाळीं पाणी शिंपडावें, थंडींत बेतानें. सदैव ओलीं राहिलेलीं मुळें कुजतात.

जागा बदलल्यावर एकदोन वर्षें फूल न आल्यास निराश होऊं नये, व रोप पुनःपुन्हां हलवूंही नये. मुळांचीं टोकें हिरवीं व ताजीं असतील तर झाड आपलें काम करीत आहे असें समजावें. पानें गर्द हिरवीं असूनही फूल येत नसल्यास ऊन थोडें वाढवावें. पुढें मे ते जुलैच्या सुमारास पानाच्या बगलेंतून तुरा निघून खालीं लोंबूं लागतो, आणि पांढऱ्या-जांभळ्या फुलांची दाट वेणी उलगडते.

सातबाराच्या उताऱ्यावर या फुलाची नोंद नाहीं व त्याचा आकारही भरावा लागत नाहीं. तेव्हां येत्या छाटणीपूर्वीं गड्याच्या हातीं कोयता देतांना हा भेद त्याला झाडापाशीं उभें राहून दाखवावा, एवढीच विनंति आहे.