आपला धबधबा, दुसऱ्याचा फ्लेक्स

जून उजाडला की ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वळणावळणाला कॅमेरे दिसायला लागतात. भिऱ्याकडचं देवकुंड, कुंभ्याचा धबधबा, निजामपूरजवळचा मानगड, सगळीकडे हौशी आणि धंदेवाईक दोन्ही प्रकारचे फोटोग्राफर असतात. जुलै संपायच्या आत त्यातले काही फोटो भलत्याच कामाला लागलेले असतात: महामार्गालगतच्या एनए प्लॉटच्या फ्लेक्सवर, फार्महाऊसच्या इन्स्टाग्रामवर, ट्रेक नेणाऱ्या ग्रुपच्या जाहिरातीत. देवकुंडला जायला प्रशासनाची बंदी आणि त्याच देवकुंडाच्या फोटोवर सहलीचं बुकिंग चालू, असाही योग येतो.

अशा वेळी बहुतेक जण स्टोरी टाकून चार शिव्या घालतात आणि गप्प बसतात. खरं तर कायदा फोटोग्राफरच्या बाजूने त्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. एका ठिकाणी मात्र तो विरुद्ध जातो, आणि नेमक्या त्याच कामावर तालुक्यातल्या बहुतेक स्टुडिओंचं पोट चालतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

फोटो नक्की कोणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती. बटण दाबलं की हक्क सुरू होतो. नोंदणी सक्तीची नाही, कोपऱ्यात खूण किंवा नाव टाकलंच पाहिजे असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोवरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकायचा. आता तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

मेख कलम १७ मध्ये आहे. कोणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. लग्न, बारसं, प्री-वेडिंग, रिसॉर्टच्या खोल्यांचं शूट, सगळं यात आलं. तुम्ही काढलेला नवरीचा फोटो एखाद्या मंगल कार्यालयाने आपल्या जाहिरातीत वापरला, तर कॉपीराइटची तक्रार करायचा हक्क नवरीच्या घरच्यांचा, म्हणजे ऑर्डर ज्यांनी दिली त्यांचा. तुमचा नाही. त्यांनीच तो फोटो साडीच्या दुकानाला दिला, तर तुम्हाला फारसं काही बोलता येत नाही.

यावरचा उपाय एका कागदाचा आहे. अॅडव्हान्स घेताना आपण जी पावती फाडतो तिच्यावर तारीख, पॅकेज, अल्बमची पानं, ड्रोन हवा की नको, सगळं असतं. हक्काबद्दल चकार शब्द नसतो. त्याच पावतीवर दोन ओळी छापून घ्या: फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, ग्राहकाला घरगुती वापराची आणि सोशल मीडियावर टाकण्याची मुभा आहे, व्यापारी वापरासाठी स्टुडिओची लेखी परवानगी लागेल. खाली ग्राहकाची सही. गिऱ्हाईक बिथरेल अशी भीती वाटते, पण लग्नघरात ती ओळ वाचायला सवड कोणाला असते! तरीही तोंडाने सांगून मगच सही घ्यावी, म्हणजे पुढे फसवल्याची भाषा नको.

मालकी ग्राहकाकडे गेली तरी कलम ५७ चा हक्क तुमच्याकडेच राहतो. फोटो माझा आहे हे सांगण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कोणी केली तर आक्षेप घेण्याचा हा हक्क आहे, आणि कॉपीराइट विकल्यावरही तो संपत नाही.

वर्तमानपत्राला तालुक्यातून फोटो पाठवणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. पगारी नोकरीत, छापण्यासाठी काढलेल्या फोटोचा प्रसिद्धीचा हक्क मालकाकडे जातो. नोकरी नसताना तुम्ही आपणहून काढून पाठवलेला फोटो तुमचाच राहतो. मात्र संपादकांनी पैसे ठरवून मुद्दाम काढून घेतला असेल, तर पुन्हा वरचाच नियम.

धबधब्यावर हक्क नाही

देवकुंडाच्या त्याच खडकावर उभं राहून, त्याच कोनातून दुसऱ्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढला, तर ती चोरी नाही. हक्क तुमच्या फोटोवर आहे. जागा, वेळ आणि कल्पना सगळ्यांची आहे.

मुंबईतलं एक प्रकरण इथे आठवण्यासारखं आहे. लोकांच्या गोष्टी फोटोसकट सांगणारा 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' २०२३ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेला. स्वतः 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क'च्या धर्तीवर निघालेल्या उपक्रमाने दुसऱ्यावर नकलेचा दावा लावावा, याची तेव्हा बरीच चेष्टा झाली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. माणसांच्या गोष्टी सांगण्याच्या कल्पनेवर कोणाची मक्तेदारी नाही. पण एकाने खास काढून घेतलेले फोटो आणि मजकूर दुसऱ्याने वापरायचे नाहीत. ज्याची गोष्ट, त्याने स्वतःच्या घरच्या संग्रहातून दिलेल्या फोटोवर मात्र दोघांपैकी कोणालाच एकट्याचा हक्क सांगता येत नाही.

आधी पुरावा, मग भांडण

उचललेला फोटो दिसला की पहिला मोह समोरच्याला मेसेज करण्याचा होतो. तसं केलं की तो पोस्ट उडवतो, फ्लेक्स उतरवतो आणि 'कसला फोटो?' म्हणून विचारतो. आधी हात पुराव्याला लावा.

फ्लेक्स असेल तर एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्या. लांबच्या फोटोत रस्ता, शेजारचं दुकान, किलोमीटरचा दगड, असं काहीतरी ओळखीचं आलं पाहिजे. जाहिरातदाराचे फोन नंबर वाचता आले पाहिजेत. फ्लेक्सच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव आणि मोबाईल असतो, तोही टिपून घ्या. तुमचा फोटो कोणी, कधी, कुठल्या आकारात दिला हे त्या दुकानातल्या संगणकावरच्या कोरलड्रॉच्या फाईलला ठाऊक असतं. छापणारा बहुतेक वेळा आपल्या ओळखीचाच निघतो आणि गोडीत विचारलं तर सांगतो.

ऑनलाइन असेल तर पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि वेबॅक मशीनवर ते पान साठवून ठेवा. तोच फोटो आणखी कुठे फिरतोय हे गूगल लेन्स किंवा टिनआयवर शोधा. हे कोर्टात न्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ज्या मोबाईलवर किंवा संगणकावर स्क्रीनशॉट घेतला तो विकू नका, फॉरमॅटही मारू नका.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे रॉ फाईल आणि तिच्या मागच्यापुढच्या चारपाच फ्रेम. उचलणाऱ्याकडे एकच जेपीजी असते. त्याच्या आधीचा हुकलेला क्षण फक्त तुमच्या कार्डावर असतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की आतली कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते, तेव्हा मूळ फाईल द्यायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वॉटरमार्क कापला असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम होते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५ब प्रमाणे हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.

फोन, बिल, नोटीस

तालुक्याच्या गावात समोरचा माणूस कोणाचा तरी भाचा असतो. त्यामुळे पहिला फोन शांतपणे करावा, आणि त्यात मागणी स्पष्ट असावी: फोटो काढून टाका, किंवा नाव द्या, किंवा पैसे द्या. माझं मत विचाराल तर प्लॉटवाल्याकडून नाव मागण्यात अर्थ नाही. सरळ बिल पाठवावं. वापर कुठे, किती दिवस, किती आकाराचा, आणि आपला नेहमीचा दर काय, एवढं त्यात असलं की पुरे.

हा दर आधीपासून ठरलेला असावा लागतो. अमेरिकेत वेळेत नोंदवलेल्या फोटोला कायद्यानेच ठरवलेली भरपाई मिळू शकते, एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि मुद्दाम केलेल्या चोरीला दीड लाख डॉलरपर्यंत. आपल्याकडे असा तक्ता नाही. नुकसान किती झालं ते तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला जुनी बिलं कामाला येतात. आजवर एकही धबधबा पैसे घेऊन दिला नसेल, तर लाखाचा आकडा कोर्टाला पटवणं जड जातं.

फोन आणि बिलाने काम झालं नाही तर वकिलाची नोटीस. तीत फोटो कुठला, कधी काढला, वापर कुठे सापडला, काय हवं आणि किती दिवसांत, एवढंच असावं. पैसे न दिल्यास पोलिसांत अडकवू, बदनामी करू, असली भाषा स्वतःच्या सहीने लिहू नये. उद्या तीच तुमच्यावर उलटते. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरच्याला कलम ६० खाली दावाही लावता येतो.

इन्स्टाग्राम आणि छत्तीस तास

'तुम्हीच फोटो पब्लिक टाकला होता ना?' हे उत्तर हमखास मिळतं. अकाउंट उघडताना आपण कंपनीला फोटो दाखवण्याची परवानगी देतो. तिसऱ्या माणसाला विकायची किंवा जाहिरातीत लावायची नाही. डॅनिएल मोरेल या छायाचित्रकाराने जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपाचे फोटो ट्विटरवर टाकले. ते एएफपी आणि गेटी या बड्या संस्थांमार्फत जगभर गेले. ट्विटरवर टाकले म्हणजे मोकळे झाले, हा एएफपीचा युक्तिवाद टिकला नाही आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेलला १२ लाख डॉलर देवविले.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॉपीराइटच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. साधं 'रिपोर्ट' बटण दाबून फार काही होत नाही. आपल्या कायद्यातही वाट आहे. कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ यांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार आली की साठवणूक करणाऱ्या सेवेने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. मात्र तक्रारीत तुम्ही कोर्टात जाण्याची हमी देता, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो.

विकिमीडिया कॉमन्सवर किल्ल्यांचे फोटो टाकणाऱ्यांनी स्वतः निवडलेला परवाना वाचावा. तिथे वापर फुकट असतो, व्यापारी वापरही चालतो. अट नावाची असते. नाव गाळलं तर तक्रार त्या अटीपुरती करायची.

बातम्यांची पोर्टलं 'फोटो : सोशल मीडिया' असं छापून मोकळी होतात. ताज्या घटनेच्या वृत्तांकनासाठी उचित वापराची सवलत कायद्यात आहे, घाटात दरड कोसळल्याच्या बातमीला ती लागू पडेलही. 'पावसाळ्यात फिरायच्या पाच जागा' या लेखाला ती लावणं म्हणजे ओढाताण आहे.

कोर्ट लांब नाही

फोटोग्राफरला फारशी माहीत नसलेली सवलत कलम ६२ मध्ये आहे. फोटो मुंबईच्या बिल्डरने वापरला म्हणून मुंबईत खेटे घालायची गरज नाही. तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा चालतो, म्हणजे माणगावकराला रायगड जिल्ह्यातच. तिथे मनाई हुकूम, भरपाई आणि समोरच्याने कमावलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची. दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाच्या वाटेने जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. पाच-दहा हजारांच्या फोटोसाठी हा खटाटोप परवडत नाही हे खरं. मोठा ब्रँड किंवा वर्षभर चाललेली जाहिरात असेल तरच वकिलाकडे जा.

नोंदणी सक्तीची नसली तरी तिचा दाखला प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. एका कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, विक्रीच्या मालावर वापरली जाणारी असेल तर २,०००. सगळी हार्ड डिस्क नोंदवायची नाही. ज्या दोनचार फोटोंवर तुमचं नाव चालतं ते नोंदवा.

फौजदारी वाटही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात सांगितलं. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा' असं ऐकावं लागलं, तर त्या निकालाची प्रत सोबत असू द्या. शेजारच्या ट्रेक ग्रुपवर मात्र हे हत्यार उपसू नये असं मला वाटतं.

फोटोतला माणूस

इथवर फोटोग्राफर फिर्यादी होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात चित्र उलट होतं. एका ग्रामीण महिलेचा फोटो स्थानिक छायाचित्रकाराने काढून शटरस्टॉकवर टाकला, आणि पुढे तो तिच्या संमतीशिवाय वेगवेगळ्या राज्यांतल्या सरकारी योजनांच्या जाहिरातींत झळकल्याची तिची तक्रार होती. न्यायालयाने ती गंभीर मानून प्रतिवादींना नोटिसा काढल्या.

फोटोचा कॉपीराइट तुमचा असला तरी त्यातला चेहरा जाहिरातीला विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. भात लावणारी बाई, बाजारात बसलेली कोळीण, शाळेला निघालेली पोरं, असे फोटो स्टॉक साइटवर चढवायचे असतील तर संमतीपत्र मराठीत छापून पिशवीत ठेवा. त्यात वापर कशासाठी, फोटो विकला जाऊ शकतो का, पैसे मिळाले तर त्यांना किती, हे साध्या शब्दांत लिहा आणि वाचून दाखवा. लहान मुलांसाठी आईवडिलांची सही घ्या. अंगठा घेतला तर साक्षीदाराचं नाव लिहा, आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या.