सात देशांच्या यादीबाहेरचे इंग्रजी मास्तर

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला परदेशी माणसाला जो व्हिसा लागतो, त्याचं नाव ‘ई-2’. त्यासाठी पदवी लागते, पोलिसांचा दाखला लागतो आणि सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट लागतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. उमेदवाराला इंग्रजी किती येतं, हे त्यानंतर बघायचं. म्हणजे गेवराईत बी.ए., संभाजीनगरला विद्यापीठात इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. असा मुलगा या यादीपाशीच अडतो. आणि कोणत्याही विषयाची पदवी घेतलेला, वर्गासमोर कधी उभाही न राहिलेला टेक्सासचा पोरगा पुढे जातो.

बीड जिल्ह्यात इंग्रजीच्या मास्तरांची वाण नाही, वाण आहे ती जागांची. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून झाले. तोवर विनाअनुदानित शाळेत संस्थाचालक देतील त्या पगारावर राबायचं, नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावर. अशा मुलांच्या मोबाइलवर ‘थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक व्हा’, ‘120 तासांचा ऑनलाइन कोर्स करा आणि जग फिरा’ अशा जाहिराती येत राहतात. त्या साऱ्या खोट्या नसतात. अर्धवट मात्र बहुतेक असतात. या धंद्यात दार कुठे उघडं आहे आणि कुठे नुसतं रंगवलेलं, ते नीट समजून घेतलेलं बरं.

कोरियाचंच घ्या. यादीत भारत नाही, पण भारत आणि कोरिया यांच्यात 2009 साली सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून तो लागू झाला. त्यात एक फट आहे: इंग्रजी शिकवण्याची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयाला कोरियाच्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून घेता येतं. म्हणजे अमेरिकन तरुणाला कुठलीही पदवी चालते आणि आपल्याला बी.एड. लागतं. फट अरुंद आहे, पण बी.एड. ही बीडमध्ये दुर्मीळ वस्तू नाही.

जपानची अट आणखी मासलेवाईक. तिथल्या सरकारचा ‘जेट’ कार्यक्रम 1987 पासून चालू आहे. त्यात जगभरातून सहायक भाषाशिक्षक नेतात, भारतातूनही थोडे जातात. त्याखेरीज खाजगी कंपन्या शाळांना शिक्षक पुरवतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडून त्या बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, गाइडं पाठ करून, मग खरोखर वाचू लागून इंग्रजीत एम.ए. झालेला माणूस इथे नापास. बारा वर्षं कॉन्व्हेंटात काढून एक धड पत्र लिहू न शकणारा पास. बोर्डावरचं नाव बघून हॉटेल निवडण्यातला हा प्रकार आहे, पण नियम त्यांचा आहे आणि तो अर्ज करण्याआधीच माहीत असावा.

थायलंडमध्ये दार त्यामानाने सैल. पदवी, पोलिसांचा दाखला, परभाषिकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचे गुण, मग व्हिसा, कामाचा परवाना आणि तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती मान्यता. फिलिपिन्सचे शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत, भारतीयही आहेत. पण एकाच शाळेत, एकाच वर्गाला, तेच पुस्तक शिकवणाऱ्या गोऱ्या आणि आशियाई शिक्षकांच्या पगारात फरक ठेवायची तिथे सर्रास रीत आहे. हे जाहिरातीत नसतं. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘कागद नंतर करू’ म्हणणारेही तिथेच भेटतात.

आपल्याला खरी मागणी होती आणि आहे ती नकाशावर पटकन नजर न जाणाऱ्या ठिकाणी. इथिओपियात सम्राट हेले सेलासी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इटालियनांचा ताबा गेल्यावर, शाळा उभ्या करायला भारतीय शिक्षक बोलावले. पुढची काही दशकं तिथल्या गावोगावी भारतीय मास्तर होते, त्यांत केरळी फार. भूतानने 1960 च्या दशकात इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या त्या भारतीय शिक्षकांच्या जोरावर. मालदीवच्या बेटांवरच्या शाळांत आजही भारतीय शिक्षक आहेत. या देशांना गोरा चेहरा नको होता, शिकवणारा हवा होता.

‘नेटिव्ह स्पीकर’ म्हणजे जन्मजात इंग्रजी बोलणाराच चांगला शिक्षक, या समजुतीला अभ्यासकांनी केव्हाच आव्हान दिलं आहे. श्रीनगरला जन्मलेले आणि अमेरिकेत प्राध्यापक झालेले ब्रज काचरू यांनी 1985 साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका. बाहेरच्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे देश, जिथे इंग्रजी कचेरीत, कोर्टात, कॉलेजात रुजली. आणि त्याबाहेर पसरत्या वर्तुळात जपान, कोरिया, थायलंड. काचरूंचं म्हणणं असं की बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, ती वेगळी नांदती इंग्रजी आहे. हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी 1990 च्या दशकात नेमका शिक्षकाचा प्रश्न घेतला. ज्याने भाषा कष्टाने कमावली, त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार ते आधीच कळतं, कारण तो स्वतः तिथेच अडखळलेला असतो.

मला हे पुस्तकी वाटत नाही. मराठी आणि जपानी शेजारी ठेवून बघा. ‘मी सफरचंद खाते’ याला जपानीत ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेरु’. क्रियापद शेवटी, कर्म मधे, मराठीसारखंच. ‘टेबलाच्या वर’ म्हणायचं तर ‘त्सुकुए नो उए नि’. आधी टेबल, मग ‘च्या’, मग ‘वर’. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’ म्हणताना सगळं उलटं करावं लागतं, आणि वर तो ‘द’. हा ‘द’ ना मराठीत, ना जपानीत, ना थाईत. टेक्सासच्या पोराला तो कुठे येतो हे आपोआप कळतं, म्हणूनच का येतो हे त्याला सांगता येत नाही. आपल्या मास्तरांनी शाळेत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ च्या रिकाम्या जागा भरलेल्या असतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीही हसा, दोन भाषांच्या सांध्यावर बोट ठेवायची सवय तिने पिढ्यांना लावली.

थाई मुलांची अडचण वेगळी. थाईत शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो, फुटबॉलचा ‘फुटबॉन’. क्रियापद काळानुसार बदलत नाही, काल-आज-उद्या हे वेगळ्या शब्दांनी सांगतात. त्यामुळे ‘गो’चं ‘वेन्ट’ का होतं, हेच त्यांना कोडं. इथे मराठी व्याकरण फारसं कामाला येत नाही. कामाला येते ती चुकणाऱ्याला न हसण्याची सवय. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना ‘व’च म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच्या ‘न’ला हसायचा हक्क तसाही नाही.

आणि बीडच्या बाबतीत तर आणखी एक थर आहे. हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं ते उर्दू माध्यमाचं. वरच्या शाळेतही उर्दूचंच राज्य. घरी मराठी, गणित-इतिहास उर्दूत आणि भाषा म्हणून इंग्रजी, अशी तिहेरी कसरत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने केली. अंबाजोगाईचं, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचं, योगेश्वरी विद्यालय त्या काळात राष्ट्रीय शिक्षणाचं केंद्र झालं, आणि त्याला वळण देणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आजच्या कर्नाटकातले. परका मास्तर येऊन गाव बदलतो, हे या जिल्ह्याने वर्गात बसून पाहिलेलं आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. म्हणजे आज नोकरी शोधणारी पिढी ही पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी.

आता लिहिण्याबद्दल. परदेशी शिकवायला जाणारे बहुतेक जण काहीतरी लिहितात, निदान सुरुवातीचे महिने. समुद्रकिनारा, देऊळ, रस्त्यावर तळलेले किडे, पहिला बर्फ. हे चार दिवसांसाठी गेलेला पर्यटकही लिहितो, त्याचे फोटो जास्त चांगले असतात. शिक्षकाकडे पर्यटकाकडे नसलेली गोष्ट असते, ती म्हणजे नोकरी. मुख्याध्यापकासमोर कोण किती वाकतं, पालक तक्रार कुठे करतात, नापास करायची मुभा आहे का, दुपारचं जेवण मुलं कशी वाढतात, वर्ग कोण झाडतं. जपानी शाळेत मुलंच वर्ग झाडतात, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. बीडच्या जिल्हा परिषद शाळांतली मुलं किती वर्षं झाडत आली, आणि त्याचं कौतुक का झालं नाही, हे तिथे हातात झाडू घेतलेला बीडचा मास्तरच लिहू शकेल.

अशा लिखाणाचा मराठीतला नमुना जवळपास दीडशे वर्षं जुना आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत गेलं आणि ते राहिलं. 1884 पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या, प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे. स्वतः इंग्रजी शिक्षण घ्यायचं आणि संस्कृत शिकवायचं. शिकणारी आणि शिकवणारी एकाच वेळी, परक्या भाषेत, लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई संतापल्या. माझ्या वडिलांनी आईला शिकवू दिलं, नवऱ्याने मला अडवलं नाही, आणि सुधारलेले म्हणवणारे इंग्रज मात्र अडवतात, असं त्यांनी पत्रातून सुनावलं. परदेशी नोकरीतली खरी गोष्ट ती हीच, देखावा नव्हे.

इंग्लंडच्या प्रवासावरचं त्यांचं मराठी पत्र 1883 मध्येच पुस्तकरूपाने आलं. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, 11 मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहिल्या आणि 1888 अखेरपर्यंत हिंडत राहिल्या. त्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे 1889 चं पुस्तक. नाव वाचूनच कळतं की बाईंना आधी लोकस्थिती सांगायची आहे, प्रवास नंतर. राज्यपद्धती, घरं, शाळा, धर्मादाय संस्था, बायकांची स्थिती, व्यापार अशी प्रकरणं. बायकांच्या संघटना कशा चालतात, सभा कशी होते, पैसा कसा जमतो, हे त्या बारकाईने सांगतात. भारावून जातात, पण काळ्या लोकांशी आणि मूळ रहिवाशांशी गोरे कसं वागले, हे सांगायचं सोडत नाहीत. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे ते सगळं पाहणं कामासाठी चाललं होतं. माझ्या मते आजच्या मास्तरांनी निघण्याच्या आठवडाभर आधी निदान या पुस्तकाची अनुक्रमणिका तरी चाळावी.

लिहिण्यातले धोके मात्र रमाबाईंच्या काळात नव्हते असे. वर्गातल्या मुलांचे चेहरे आणि नावं आपल्या लिखाणात नकोत. करारात बहुधा तसं कलम असतंच, आणि नसलं तरी त्या मुलांच्या आईबापांनी आपल्याला विचारलेलं नसतं. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. 2020 मध्ये को चांग बेटावरच्या एका हॉटेलबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिल्याबद्दल थायलंडमध्येच नोकरी करणाऱ्या एका अमेरिकन माणसाला अटक झाली होती. पुढे समेट झाला. शाळेच्या मालकाबद्दलचा राग वहीत लिहावा, नोकरी सोडून घरी आल्यावर छापावा. आणि ‘मराठीत लिहिलं तर त्यांना काय कळणार’ या भ्रमात राहू नये, भाषांतर करणारा फोन मालकाच्याही खिशात असतो.

राहिला एजंट. बीडला मुकादम समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीत मुकादम उचल देतो आणि मग हंगामभर फेडून घेतो. परदेशी नोकरीच्या एजंटाचं उलट: इथे उचल मास्तरच देतो, एजंट घेतो, आणि बांधला जातो तोही मास्तरच. भारतात परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपत होते. तेव्हा करार हातात येण्याआधी पैसे द्यायचे नाहीत. शाळेचं नाव, पत्ता आणि दूरध्वनी मागायचा आणि एजंटाला न सांगता तिथे स्वतः फोन लावायचा. पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्याचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, ज्याला अपोस्टिल म्हणतात, तो करून घ्यायला वेळ लागतो. त्याची सुरुवात नोकरी ठरायच्या आधीच करावी. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हवाली करायचं नाही, आणि पासपोर्ट तर मुळीच नाही, मुख्याध्यापकाने मागितला तरी.