दिल्ली ते टोकियो: तास नेमके किती?

जपानला निघालेल्या माणसाला हमखास विचारतात, 'किती तास लागतात?' आणि तो तिकीट पुढ्यात घेऊन वजाबाकी करतो. घोळ तिथेच होतो. समजा, विमान दिल्लीहून रात्री ८ला सुटून टोकियोला सकाळी ७ला पोचतं. हे ११ तास नव्हेत. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात आणि जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास धावतं. प्रवास साडेसात तासांचाच. परतीला दुपारी १२ला निघून संध्याकाळी पावणेसहाला दिल्ली आली, तर कागदावर पावणेसहा तास दिसतात. खुर्चीत मात्र सव्वानऊ तास काढावे लागतात.

जायला कमी आणि यायला जास्त वेळ का? 'पृथ्वी फिरते म्हणून,' असं काही जण ठामपणे सांगतात. पण पृथ्वी फिरते पूर्वेकडे. तो हिशेब खरा मानला तर टोकियो विमानापासून लांब पळायला हवं आणि जातानाच उशीर व्हायला हवा! पृथ्वीसोबत तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे तसं काही होत नाही. फरक पाडतात ते उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत वारे. जपानवर हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले आणि निष्कर्ष छापले एस्परांतो भाषेत. जगाने वाचावं म्हणून निवडलेली ही भाषा वाचणारे फारच थोडे होते! विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. पाठीशी २०० किलोमीटरचा वारा असला की समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशेबाने ११०० दिसतात. तोच वारा तोंडावर आला की ७००.

अंतराचीही अशीच गफलत होते. दिल्ली-टोकियो हवाई अंतर साधारण ५,८५० किलोमीटर. ही सर्वांत जवळची वाट नकाशावर पट्टीने आखता येत नाही. पृथ्वी गोल असल्याने ती उत्तरेकडे कमान घेते आणि तिबेटवरून, पुढे सोलच्या थोडं दक्षिणेकडून जाते. पण विमानं सहसा तिबेटचं पठार टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत १२ ते २२ मिनिटंच पुरतो. तिबेटची सरासरी उंचीच १४,००० फुटांहून जास्त, मग उतरणार कुठे? म्हणून वाट म्यानमार, दक्षिण चीन अशी वळसा घेते आणि किलोमीटर वाढतात.

शिवाय वेळापत्रकातले तास विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही त्यातच. उन्हाळ्यात झोत वारे मंदावून उत्तरेकडे सरकतात, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो.