मोटारीचा पट्टा किती ताणावा?

पिठाच्या गिरणीतला तो रुंद, सपाट पट्टा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. तो ढिला पडला की जाते अडते. मग गिरणीवाला पट्टा आखूड करून घेतो, आतून राळ लावतो, आणि पीठ पुन्हा पडू लागते. पट्टा जितका ताठ तितका चांगला, हा समज आपल्या मनात तिथूनच बसला असावा. मोटारीच्या बाबतीत मात्र तो महागात पडतो.

मी पदार्थविज्ञान शिकवतो खरा, पण हा धडा मला पुस्तकाने दिला नाही. माझ्याकडे एक जुनी ॲम्बॅसिडर होती. सकाळी इंजिन चालू केले की पट्टा किंचाळायचा. मी काय केले, पहारीने डायनामो रेटला आणि पट्टा सतारीच्या तारेसारखा करून टाकला. आवाज बंद! शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवलासुद्धा. अडीच महिन्यांनी खंबाटकीच्या घाटात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले होते, आणि मागच्या सीटवर आजारी वडील होते. एका ट्रकवाल्याने त्यांना साताऱ्याला पोचवले म्हणून निभावले. ढिला पट्टा निदान ओरडून सांगतो हो. फाजील ताणलेला पट्टा मुकाट्याने बेअरिंग खातो.

असे का व्हावे? या गाडीचा पट्टा सपाट नसतो. तो आडवा कापून पाहिला तर पाचरीसारखा दिसतो, वर रुंद आणि खाली अरुंद. पुलीची खोबणही तशीच, तिच्या दोन बाजूंमधला कोन साधारण 34 ते 40 अंशांचा. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर जशी ठोकताच घट्ट बसते, तसा हा पट्टा ओढ लागताच खोबणीत रुततो. तेवढ्याच ताणाला त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट असते. तेव्हा त्याला गिरणीच्या पट्ट्यासारखे ताणण्याचे कारणच नाही.

आता दुसरी बाजू बघा. पट्ट्याचे दोन पदर पुलीला जवळजवळ एकाच दिशेने ओढतात. प्रत्येक पदरात 20 किलोंचा ताण धरला, तर आसावर 40 किलोंचा भार येतो, आणि गाडी चालते तोवर तो उतरत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात जरूर दाखवावे: एका मुलाने पेन्सिल दोन्ही हातांनी धरावी, तिच्याभोवती सुतळीचा वेढा घालून दुसऱ्याने दोन्ही टोके ओढावीत. बेअरिंगला काय सोसावे लागते ते धरणाऱ्याच्या बोटांना कळेल.

म्हणून अगदी ढिलाही नको. या गाडीत हाच एक पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो फिरवतो. तो घसरला तर पाणी उकळते आणि बॅटरी भरत नाही. दिवे लावताच पट्टा किंचाळू लागला, तर तो घसरतो आहे असे समजावे.

तपासणी थंड इंजिनावर करावी. किल्ली काढून खिशात ठेवावी, उपरण्याचे किंवा पदराचे टोक खोचून घ्यावे. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब पदराच्या मध्यावर अंगठ्याने बेताने दाबावे. पट्टा सुमारे अर्धा इंच आत गेला तर ठीक. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत निराळे माप असेल, तर तेच खरे मानावे.

जुळवणी सोपी आहे. डायनामो वरच्या दोन बोल्टांवर बिजागरीसारखा हलतो, आणि खाली लांबट भोकाच्या पट्टीने धरलेला असतो. हे सर्व बोल्ट सैल करा, अगदी काढू नका. मग डायनामो हाताने किंवा लाकडी दांडक्याने पुलीच्या बाजूकडून हळूच बाहेर ओढा. पहार नको, डायनामोच्या मागच्या झाकणाला जोर तर मुळीच नको, ते तडकते. तसाच धरून आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग बाकीचे. पुन्हा अंगठ्याने पाहा, कारण बोल्ट आवळताना ताण हमखास बदलतो. मला अजूनही दोनतीनदा करावे लागते.

पट्ट्याला चिरा पडल्या असतील, किंवा खोबणीचा तळ घासून चकाकत असेल, तर ताणून उपयोग नाही. पाचर तळाला टेकली की तिची पकड गेली, पट्टा बदलावा. राळ, तेल काही लावू नये. नवा पट्टा पहिल्या दिवसात थोडा सैल पडतो, तेव्हा एक दिवस गाडी चालवून पुन्हा तपासावा.

आताच्या पुष्कळ गाड्यांत बारीक धारांचा चपटा पट्टा असतो आणि स्प्रिंगची पुली त्याचा ताण आपोआप सांभाळते. तिथे फक्त चिरा पाहाव्यात. काही इंजिनांत झाकणाआड दातेरी टायमिंग बेल्ट असतो. त्याला घरी हात लावू नका. तो एक दाता जरी सरकला, तरी इंजिनाची घडी बिघडते.