संदेशफलकांवरील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग : स्वरूप व प्रतिबंध

प्रस्तावना :
वेब-आधारित संदेशफलकावर एकाने लिहिलेला मजकूर साठविला जातो व पुढे प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये उघडतो. या सोयीतच त्याचा धोका दडलेला आहे. महाविद्यालयाचा चर्चाफलक व गुणनोंदणी एकाच संकेतस्थळावर असल्यास हा धोका गुणपत्रिकेपर्यंत पोहोचू शकतो. सदर लेखात या धोक्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

स्वरूप :
वेबपृष्ठातील कोणता भाग संकेतस्थळाने लिहिला व कोणता सभासदाने, हे ब्राउझरला समजत नाही. स्क्रिप्टची खूण आढळताच तो त्या मजकुरास आज्ञा मानतो. सभासदाने संदेशात जावास्क्रिप्ट दडविली आणि फलकाने ती जशीच्या तशी दाखविली, तर ती वाचकाच्या अधिकाराने चालते. वाचक प्राध्यापक अथवा व्यवस्थापक असल्यास परवलीचा शब्द न जाणताही त्याच्या नावाने व्यवहार करता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने याविषयी इशारा प्रसिद्ध केला होता.

उदाहरण :
सभासदांच्या मजकुरावरच उभ्या असलेल्या ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर याने आपल्या परिचयपृष्ठात अशी स्क्रिप्ट ठेवली. पृष्ठ पाहणाऱ्याच्या खात्यातून कामकरला मैत्रीची विनंती जाई व तीच स्क्रिप्ट पाहणाऱ्याच्या पृष्ठावर उतरे. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक खाती बाधित झाली. विशेष म्हणजे ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळण्याची व्यवस्था तेथे होती. कामकरने त्या शब्दाच्या मध्येच नवी ओळ घातली. चाळणीला तो शब्द ओळखता आला नाही. काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला.

उपाय :
निषिद्ध शब्दांची यादी अपुरी पडते, हे यावरून स्पष्ट होते. शिवाय तिच्यामुळे निर्दोष लेखनही बाधित होते. गणिताच्या विद्यार्थ्याने ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह लिहिल्यास ते गाळणे म्हणजे त्याचा प्रश्नच पुसणे होय. म्हणून मजकूर मूळ रूपात साठवून, दाखविताना अशा चिन्हांचे सांकेतिक रूपांतर करावे. मग ब्राउझर ती चिन्हे केवळ अक्षरे म्हणून दाखवितो. हे रूपांतर मजकूर पृष्ठात जेथे येतो त्या जागेस अनुरूप असावे लागते. ठळक अक्षरे इत्यादी सोयी द्यावयाच्या असल्यास फक्त परवानगी दिलेल्या खुणाच स्वीकाराव्यात. स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी ‘एचटीटीपी-ओन्ली’ सूचना व ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे पूरक उपाय होत. ते मुख्य उपायाची जागा घेऊ शकत नाहीत.

निष्कर्ष :
दोष वाचकाच्या निष्काळजीपणाचा नसून फलकाच्या रचनेचा असतो. केवळ संदेश वाचणाराही त्याला बळी पडतो. म्हणून फलक स्वीकारताना ‘चिन्हे कशी गाळता?’ असे न विचारता ‘मजकूर दाखविताना त्याचे काय करता?’ असे विचारणे अगत्याचे आहे.