वाढणारे वण : उपचार आणि समज

कान टोचल्यावर, भाजल्यावर किंवा पुरळ बरे झाल्यावर काहींचा वण मूळ जखमेच्या सीमेपलीकडे वाढत जातो. यास केलॉइड म्हणतात. तो संसर्गजन्य नाही, कर्करोग नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. नुसता कापून काढल्यास तो बहुधा पुन्हा वाढतो. डागल्यास नवी जखम होते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ साधारणतः दर ४ ते ६ आठवड्यांनी वणातच स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. सिलिकॉनची पट्टी रोज किमान १२ तास, काही महिने लावावी लागते. शस्त्रक्रिया केलीच, तर पाठोपाठ इंजेक्शने किंवा किरणोपचार आवश्यक ठरतात. पालकांना आम्ही एवढेच विनवितो : वण झाकण्यासाठी मुलांना मान खाली घालावयास लावू नका; त्यांना वेळीच वैद्यांकडे न्या.